पुरसोभाई संमेलनाला जातात

कोरगावचे पुरसोभाई आपल्या कादंबरीतल्या पोरीचं लग्न देवाला विचारल्याशिवाय लावत नाहीत. थट्टा करत नाही मी. कादंबरी लग्नाच्या गोष्टीपर्यंत आली की हा माणूस सकाळी लवकर आंघोळ करतो, इस्त्रीचा पांढरा सदरा घालतो, देवळात जातो आणि भटजींना सांगतो, "प्रसाद लावूचो आसा."

आमच्याकडे हा प्रसाद खायचा नसतो. देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या कळ्या चिकटवतात, काय विचारायचं ते विचारतात आणि हात जोडून बघत बसतात. उजवीकडची कळी आधी पडली तर देवाची संमती. डावीकडची पडली तर विषय संपला. जमीन घ्यायची, विहीर खणायची, सून आणायची, सगळं आम्ही असंच विचारून घेतो. पण कागदावरच्या माणसांसाठी देवाला कुणी कामाला लावलेलं मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

पहिल्या वेळी भटजींनी रीतसर विचारलं, "मुलीचं गोत्र काय?"

"अजून लिहूक नाय," पुरसोभाई म्हणाले.

देवानं उजवा दिला तर ठीक, दोन प्रकरणांत लग्न, जेवणावळ, वरात, सगळं साग्रसंगीत. पण डावा दिला की हाहाकार. एका कादंबरीत देवळात जायला उशीर झाला, मुंडावळ्या बांधून झाल्या होत्या, वाजंत्री वाजत होती, आणि देवानं डावा दिला. पुरसोभाईंनी दोन पानांत नवऱ्या मुलाला मांडवातून उठवलं आणि परदेशी जहाजावर नोकरीला पाठवून दिलं. मी म्हटलं, "अहो भाई, निदान त्याला जेवून तरी जाऊ द्या!"

"तसां नाय गे," ते म्हणाले. "देवान नको म्हटल्यार मगे पंगतीक बसूचा नसता."

मी शैला. पेडण्याच्या बाजारात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. जमिनीचे एक-चौदाचे उतारे, रहिवासी दाखल्याचे अर्ज, भाडेकरार, हे माझं पोटापाण्याचं काम. पुरसोभाईंच्या कादंबऱ्या हे माझ्या मागच्या जन्मीचं काहीतरी पाप. बावीस वर्षं मी त्या टाइप करतेय. मी काही हळवी बाई नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या नवऱ्यानं मला मागणी घातली ती माझ्या काकांना फोन करून, आणि काकांनी हो म्हटल्याचं मला आमच्या शेजारणीकडून कळलं. प्रेमाच्या बाबतीत माझं शिक्षण एवढंच.

पुरसोभाईंचं शिक्षण झालं फेरीबोटीवर. नोकरीची सगळी वर्षं ते केरीच्या बोटीवर सुकाणू धरून होते. या काठावरून तेरेखोलला, तेरेखोलवरून या काठावर. भरतीला बोट सारखी चालू, बसायला उसंत नाही, म्हणून भरतीच्या वेळी त्यांनी संवाद लिहिले. सुकतीला पाणी ओसरलं की बोट धक्क्याशी अडकून पडायची, मग तासन्‌तास पाण्याची वाट बघायची. तेव्हा विरह लिहिला. कुठलं पान कुठल्या पाण्यावर लिहिलंय ते मी आता टाइप करता करता सांगू शकते. पुनवेच्या सुकतीला लिहिलेलं प्रकरण असेल तर मी आधी चहा मागवते, कारण नायिका खिडकीत येऊन उभी राहते ती सात पानं हलत नाही.

एकदा धुक्याच्या सकाळी पुरसोभाई नवव्या प्रकरणाच्या विचारात होते. नदी पांढरी, काठ दिसत नाही, इंजिनाचा एकसुरी आवाज, आणि डोक्यात नायिका केसांत अबोली माळतेय. बोट धक्का सोडून सरळ समुद्राकडे निघाली. आत मासळीवाल्या, दोन मोटरसायकलवाले, पावाची टोपली घेऊन पोदेर, असे सगळे मिळून ओरडले तेव्हा कुठे पुरसोभाई जागे झाले. वरच्या साहेबानं जाब विचारला. पुरसोभाईंनी खरं ते लिहून दिलं: "मन अन्यत्र होते." त्यांचं मन अन्यत्र असणं हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.

त्यांचा शब्द एकच, "पाणी बघूक होया." रस्ता ओलांडायचा, डॉक्टरकडे जायचं, नवीन चप्पल घ्यायची, काहीही असो, आधी पाणी बघूक होया. माणूस बघत राहतो आणि चप्पल तुटून हातात येते. लग्न केलं नाही. आई होती तोवर आई आणि ते, आई गेल्यावर एकटेच. कोरगावच्या घरी काजूची वीस-पंचवीस झाडं आहेत, एक मांजर आहे आणि खिडकीपाशी एक मेज.

त्यांच्या सगळ्या नायिका कारापूरच्या. नायक कुठलाही असो, मोरजीचा, मांद्र्याचा, सावंतवाडीचा, पोरगी मात्र डिचोली तालुक्यातली आणि कारापूरचीच. मी एकदा वैतागून म्हटलं, "भाई, गोव्यात दुसऱ्या गावांत मुली जन्माला येतच नाहीत काय?"

"येतत मगे," ते म्हणाले, "पण माका थंयची वाट म्हायती आसा."

या कारापूरपायी एकदा गंमतच झाली. पुरसोभाई देवळात प्रसाद लावायला बसले होते. मुलगी कारापूरची, वय सत्तावीस, बी. एड., रंग निमगोरा, स्वभाव शांत. देवानं डावा दिला. मागच्या खांबाशी डिचोलीकडची एक बाई बसली होती, तिनं हे सगळं कान देऊन ऐकलं. पुढच्या रविवारी ती आपल्या यजमानांना आणि भाच्याला घेऊन पुरसोभाईंच्या दारात हजर. हातात खाज्यांचा पुडा. तुमचं स्थळ मोडलं ते ऐकलं, म्हणाली, आमच्या भाच्यासाठी मुलगी बघू द्या, देवानं त्या मुलाला नको म्हटलंय, आमच्याला कुठे म्हटलंय?

पुरसोभाईंनी त्यांना बसवलं, सरबत दिलं. मग म्हणाले, "चली बरी आसा हो. पण ती पान एकशे बारार आसा." भाच्याचा चेहरा इतका उतरला की पुरसोभाईंनी त्याला सगळी कादंबरी वाचायला दिली. वाचून झाल्यावर पोरगा म्हणे दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

असं सगळं चाललं होतं तोवर मला तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती वृंदापासून.

वृंदाची कादंबरी पुरसोभाईंनी सुरू केली त्याला अकरा वर्षं झाली. वृंदा कारापूरची, हे सांगायला नकोच. नायक फेरीबोट चालवणारा. दोघं एकमेकांवर जीव टाकतात, लग्नाची गोष्ट निघते, आणि दरवर्षी दिवाळी झाली की पुरसोभाई माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहतात.

"शैला, देवान डावो दिल्यान गे."

दुसऱ्या कुठल्या जोडप्याला डावा आला की ते सरळ ताटातूट करून मोकळे व्हायचे. हिच्या बाबतीत तसं नाही. हिची ताटातूट करायला हात उठत नाही आणि देवाच्या शब्दाबाहेर लग्न लावायची हिंमत नाही. म्हणून दरवर्षी आणखी चार प्रकरणं लिहायची, वृंदाला आणि त्या माणसाला पुन्हा बोटीत बसवायचं आणि नदीवरून फिरवायचं. अकराशे पानं झाली! वृंदाची मावशी मेली, वृंदाच्या मैत्रिणीला तीन मुलं झाली, बोटीचं इंजीन दोनदा बदललं, आणि ही बया अजून कठड्याला टेकून पाण्याकडे बघतेय. मला रात्री स्वप्नात दिसायला लागली.

यंदा मी फोनवर एक जाहिरात बघितली. मोरजीला, सीझन सुरू व्हायच्या आधी, प्रेमकथा लिहिणाऱ्यांचं दोन दिवसांचं संमेलन. पुण्या-मुंबईकडचे लेखक येणार, नवोदितांना मार्गदर्शन, आणि हस्तलिखित घेऊन गेलात तर एखादे ज्येष्ठ लेखक तुमच्यापाशी बसून सल्ला देणार. मी पुरसोभाईंना न विचारता त्यांचं नाव घालून टाकलं.

"पाणी बघूक होया," ते म्हणाले.

"पाणी बघून झालंय. शनिवारी सकाळी आठला मी स्कूटर घेऊन येते. ती वृंदा एक तर मांडवात उभी राहील, नाही तर मी दुकान विकून मोकळी होईन."

शनिवारी ते तयार होते. पांढरा सदरा, काखेत छत्री, एका पिशवीत अकराशे पानं आणि दुसऱ्या पिशवीत घरचे भाजलेले काजू.

मोरजी तेव्हा अजून झोपेत होतं. किनाऱ्यावरचे शॅक अजून उभे राहायचे होते, हॉटेलच्या गच्चीवर रंगाचं काम चाललं होतं, तरणतलावात पाणी नव्हतं आणि त्याच्या कडेला मांडलेल्या लांब खुर्च्यांवर कावळे बसले होते. समुद्राचा आवाज खाली-वर होत होता. तिथे पन्नासेक माणसं गळ्यात नावाचे बिल्ले अडकवून हिंडत होती, बहुतेक बायका, पुष्कळशा तरुण. सगळ्या कशा हळू आवाजात, मान तिरकी करून बोलत होत्या. एवढी प्रेमळ माणसं एका जागी बघून मला जरा धास्तीच वाटली. पुरसोभाई मात्र दारातच काजूची पिशवी उघडून बसले. अर्ध्या तासात सगळं संमेलन त्यांना "काका" म्हणायला लागलं.

पहिलं व्याख्यान नायक कसा असावा यावर. एक देखणा तरुण लेखक सांगत होता, नायक सहा फुटी हवा, मितभाषी हवा, त्याच्या मनात जुनी जखम हवी. पुरसोभाईंनी हात वर केला.

"माझो नायक पाच फूट तीन इंच आसा," ते म्हणाले. "त्याच्यार उंच माणूस केबिनीत उभो रवूक शकना. डोक्याक लागता."

"आणि जखम?"

"ती डोक्याकच."

सगळे हसले, तो तरुणही हसला, आणि त्यानं ते वहीत लिहून घेतलं. दुपारी कुणीतरी पहिलं चुंबन कितव्या प्रकरणात यावं यावर बोलायला उभं राहिलं. पुरसोभाई शांतपणे छत्री घेऊन बाहेर गेले. पाऊण तासानं दारातून डोकं आत घातलं, कान लालबुंद, आणि मला खुणेनं विचारलं, "झालां?" त्यांच्या कादंबऱ्यांत प्रेमाचा कळस म्हणजे नायक नायिकेला छत्री देतो आणि ती परत करायला विसरते. त्यापुढे ते गेलेले नाहीत.

प्रेमकथा लिहिणाऱ्यानं संमेलनाला जावं काय, असं आता मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, जरूर जावं. आपल्यासारखी आणखी वेडी माणसं आहेत हे कळतं, हाच मोठा फायदा. संध्याकाळी त्या पोरी पुरसोभाईंभोवती गोळा झाल्या आणि त्यांनी भरती-सुकतीचं लिहिणं समजावून सांगितलं. एकीलाही हसू आलं नाही. एक म्हणाली, काका, मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये लिहिते, म्हणून माझी वाक्यं सात मजल्यांची असतात. पुरसोभाईंनी मान डोलावली. बावीस वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलेलं नव्हतं. कोरगावात त्यांना या विषयावर बोलायला फक्त मांजर होती, आणि मी, मी तर सदा अंगावर खेकसणार. मला जरा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सल्ल्याची पाळी आली. आमच्या वाट्याला आल्या नाशिकच्या मालतीबाई. पंच्याहत्तरीच्या, कानात यंत्र, साठेक प्रेमकथा लिहिलेल्या, आणि दोन दिवस तळलेल्या बांगड्यांवरून नजर न हटवलेल्या. पंधरा मिनिटं ठरलेली. अकराशे पानं बघून त्या म्हणाल्या, "शेवट येईपर्यंत मी जगायला हवं ना? तोंडी सांगा."

पुरसोभाईंनी सांगितलं. वृंदा, बोट, नदी, प्रसाद, दरवर्षीचा डावा. मला वाटलं आता ही बाई हसणार. ती हसली नाही.

"म्हणजे तुम्ही देवाला विचारता."

"होय."

"पत्रिका बघता?"

"बघतंय मगे. दोघांचीय मीयांच करतंय. छत्तीसातले अठ्ठावीस गुण जुळतत."

"नायकाच्या आईला विचारलंत?"

"प्रकरण चौदा."

"आणि वृंदाला?"

पुरसोभाईंना प्रश्नच कळला नाही. "वृंदाक काय?"

"अहो, देवाला विचारलं, ग्रहांना विचारलं, आईला विचारलं. अकराशे पानांत त्या मुलीला कुणी विचारलं का, बाई गं, तुला करायचंय का या माणसाशी लग्न?"

"ती हो म्हणतली..." पुरसोभाई म्हणाले.

"कशावरून?"

मी मनातल्या मनात पानं चाळली. मी ती सगळी टाइप केली आहेत, काही तर चार-चारदा. वृंदा लाजते, वृंदा बघते, वृंदा पदर सारखा करते, वृंदा उसासा टाकते. वृंदाला कुणी काही विचारत नाही. वृंदालाच काय, आधीच्या एकाही पोरीला नाही. आणि मला एकदम आमच्या शेजारणीची ती हाक आठवली, गे शैला, तुझां ठरलां! मी उगाच पिशवीत पेन शोधत बसले.

मालतीबाईंनी पुरसोभाईंच्या हातावर हात ठेवला. "तिला आधी विचारा. मग देवाकडे जा. देव काही पळून जात नाही."

त्या संध्याकाळी संमेलन संपलं. सगळे फोटो काढत होते. पुरसोभाई दिसेनात म्हणून मी शोधत किनाऱ्यावर गेले. सूर्य पाण्याला टेकला होता, ओली वाळू गुलाबी झाली होती, आणि लांबवर एकच होडी वाळूवर ओढून ठेवलेली होती. तिच्या सावलीत पुरसोभाई चपला काढून बसले होते. मी शेजारी बसले.

"शैला, वृंदासाठी मीयां देवाक कधीच विचारूक नाय."

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे? दरवर्षीचा डावा?"

"देवळात जातंय. बसतंय. भटजी विचारतत, लावूचो? मीयां म्हणतंय, आज नको. आणि घराक येतंय. तुका सांगतंय डावो."

"अकरा वर्षं!" मी ओरडलेच. "भाई, अकरा वर्षं मी त्या बाईला नदीवरून हिंडवतेय आणि तुम्ही मला खोटं सांगत होता?"

"होय," ते म्हणाले. मग समुद्राकडे बघत, आपल्याशीच बोलावं तसं, सांगायला लागले.

वृंदाचं खरं नाव सुमन. कारापूरची. केरीला मावशीकडे राहायची आणि नदीपलीकडच्या शाळेत शिकवायची. सकाळच्या बोटीनं जायची, संध्याकाळच्या बोटीनं यायची. दोन वर्षं.

"दोन वर्षांत तुम्ही बोललात काय तिच्याशी?"

"रोज बोललंय. 'सांभाळून' म्हणायचंय. धक्क्यार शेवाळ आसता."

शेवटी त्यांनी धीर करून आईला सांगितलं. आई म्हणाली, देवाला विचारते. त्या दिवशी यांची ड्युटी होती. संध्याकाळी घरी आले तर आई चुलीपुढे बसलेली. मान वर न करता म्हणाली, डावा दिला. सुमनचं लग्न होऊन ती बेळगावला गेली. पुढे खूप वर्षांनी पुरसोभाईंच्या मावशीच्या तोंडून निघून गेलं, तुझ्या आईला नोकरी करणारी सून नको होती रे. बस, एवढंच. त्या दिवसापासून पुरसोभाईंच्या मनात किडा शिरला, आई खरंच देवळात गेली होती काय?

"सुमनचो घोव गेलो आणि ती कारापूराक परत इली," ते म्हणाले. "त्याच वर्साक मीयां ह्यां लिहूक घेतलंय. म्हटलां, वृंदाच्या नावान देवाक विचारूया. तिचीच पत्रिका, माझीच पत्रिका. पण थंय बसल्यार भंय दिसता. उजवो दिल्यान तर माझी आई खोटी. डावो दिल्यान तर सुमन माझी नव्हतीच. माका दोनय नको आसा गे."

मी त्यांच्या चपलांतली वाळू झटकली आणि त्यांच्या पायाशी ठेवल्या. सूर्य गेला तरी आम्ही तिथेच बसलो होतो. पाणी वर चढत होतं.

पंधरा दिवस पुरसोभाई दुकानाकडे फिरकले नाहीत. सोळाव्या दिवशी सकाळी आले. पांढरा सदरा.

"कारापूराक येतलंस?"

"देवळात नाही?"

"नाय. आधी तिका विचारतंय."

मी शटर खाली ओढलं. ज्यांचे भाडेकरार अडले त्यांनी माफ करावं. वाटभर पुरसोभाई मागे बसून पुटपुटत होते. चार पानांचं भाषण लिहून पाठ केलं होतं म्हणे. दोन्ही बाजूंना शेतं पिकलेली, मध्येच भाताचा वास, मध्येच माळावरच्या गवताचा. डिचोली ओलांडली तसं पुटपुटणं बंद झालं आणि त्यांनी माझ्या खांद्याला धरलं.

घर लहानसं, कौलारू. अंगणात भात वाळत घातलं होतं आणि सुमनताई पायरीवर बसून हातातल्या काठीनं कोंबड्या हाकत होत्या. पांढरे केस, बारीक चष्मा. त्यांनी वर बघितलं आणि काठी तशीच हवेत राहिली.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मग बोट कुणाकडे दिलीत?"

"रिटायर झालंय," पुरसोभाई म्हणाले.

आम्हाला बसायला खुर्च्या आल्या. बेळगाव, मुलगा, गुडघेदुखी, यंदाचं पीक, सगळं बोलून झालं, बोलत होते सुमनताई आणि मी. आपल्या नायकांना चार-चार पानांचे संवाद देणारा हा माणूस कोंबड्यांकडे बघत बसला होता. एक कोंबडी भातात शिरून मजेत टिपत होती आणि कुणी तिला हाकलत नव्हतं. मला इतका राग आला! बावीस वर्षांच्या ओळखीनं मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"एक चली आसा," पुरसोभाई एकदम म्हणाले. "तिका कोणी विचारूकच नाय."

"काय विचारलं नाही?"

"लगीन करतलंस काय म्हणान. देवाक विचारलां, घरच्यांक विचारलां. तिका कोणी नाय."

सुमनताईंनी काठी खाली ठेवली. "कुणी विचारायचं होतं?"

"मीयां."

अंगणात कोंबड्यांनी धुमाकूळ घातला होता. सुमनताई पुरसोभाईंकडे बघत होत्या, आणि त्या चष्म्यामागे मला क्षणभर ती तिशीच्या आतली मास्तरीण दिसली, जिला मी अकरा वर्षं टाइप करत होते आणि जिचा आवाज मला ठाऊक नव्हता.

"मग विचारा ना," त्या म्हणाल्या.

पुरसोभाई खुर्चीवरून उठले. हात जोडले, ते कशासाठी ते त्यांनाही कळलं नसावं. "सुमन, तेन्ना मीयां विचारलेलां तर... तू माझ्याकडे लगीन केलां असतांस?"

"केलं असतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीच केलं असतं. दोन वर्षं मी तुमच्या केबिनीला टेकून उभी राहायची, भर उन्हात. सावलीतली बाकं रिकामी असायची. तुम्हाला कधी वाटलं नाही, ही बाई अशी उन्हात का उभी राहते?"

सुमनताई उठल्या, कोंबड्या हाकलल्या आणि चहा करायला आत गेल्या. चहाला लागतो त्यापेक्षा फार वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. आम्ही चहा प्यायलो, घरचे काजू त्यांच्या हातात दिले. निघताना त्या म्हणाल्या, कादंबरी छापून झाली की मला एक प्रत पाठवा, आणि त्या मुलीला जरा बोलू द्या. पुरसोभाईंनी जोरजोरात मान हलवली.

परतीच्या वाटेवर, अर्ध्या अंतरावर, त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांबय गे जरा."

मी स्कूटर कडेला घेतली. ते उतरले आणि रस्त्याकडेच्या मोरीवर जाऊन बसले. खालून पाटाचं पाणी वाहत होतं. रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला, परत काढला. सहासष्ट वर्षांचा माणूस लहान मुलासारखा रडत होता आणि रडता रडता त्याला हसू येत होतं.

"आता आईन देवाक विचारलेलां काय नाय, ह्यां कळाक नाय तरी चलात," ते म्हणाले. "उद्या शेवटचां प्रकरण हाडतंय."

"आणा," मी म्हटलं. "मी लगेच टाइप करते."

ते पाण्याकडे बघत होते. एक बस गेली, धूळ उडाली, खाली बसली.

"शैला, तिणां होय म्हटल्यान."

"होय भाई," मी म्हटलं. "मी ऐकलं."